'होमलँड'ला मराठीत काय म्हणायचं? मातृभूमी 'स्थापन' करता येते का?

मंडळी, एका शब्दावर अडलेय. भाषांतर चालू आहे, विषय म्हणजे इस्रायल होण्याच्या आधी ज्यू लोकांसाठी कुठे कुठे होमलँड उभं करायचे प्रयत्न झाले तो इतिहास. पहिल्याच पानावर मी लिहिलं 'युगांडात ज्यूंची मातृभूमी स्थापन करण्याचा प्रस्ताव' आणि मोठ्याने वाचलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं आई काय स्थापन करतात का, गणपती आहे का तो. तेव्हापासून हात चालेना. मायभूमी, जन्मभूमी, स्वदेश सगळं घालून बघितलं, सगळ्यालाच तो प्रॉब्लेम आहे कारण ह्या शब्दांत माणूस तिथला आधीपासून असतो. इथे तर माणसं रशियात, जागा आफ्रिकेत आणि देणारा लंडनमध्ये. दुसरा काही शब्द आहे का?

---

सासूबाईंना नमस्कार सांगा, बरोबर पकडलंय त्यांनी.

मी 'वतन' सुचवेन. हिंदी गाण्यातलं वतन नाही हां, आपलं मराठी वतन. शब्द एकच, अरबीतून आलेला, पण हिंदी-उर्दूत तो मायदेश राहिला आणि आपल्याकडे देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण सगळं वतन झालं, म्हणजे वरच्या सत्तेने सनद लिहून दिलेला वंशपरंपरेचा हक्क. आता हर्झल, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राज्याची चळवळ उभी करणारा माणूस, काय मागत होता ते बघा. १८९६ ला त्याने ज्यू राज्याची पुस्तिका काढली, त्यात एक प्रकरणच आहे, पॅलेस्टाईन की अर्जेंटिना. म्हणजे जागा नक्की नाही पण सनद पाहिजे हे नक्की. १९०१ मध्ये तुर्की सुलतान अब्दुल हमीदला भेटला तोही सनदेसाठीच, त्याला तो चार्टर म्हणायचा. सुलतानाने दिली नाही. मग इंग्रजांकडे गेला, आधी सिनाईतल्या एल अरिशची बोलणी झाली, तिथे नाईलचं पाणी वळवावं लागणार होतं, इजिप्तमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं. मग १९०३ मध्ये इंग्रजांचा वसाहतमंत्री चेंबरलेनने पूर्व आफ्रिका पुढे केली, तोच तुमचा युगांडा. दारोदार सनद मागत फिरणारा माणूस, याला मराठीत वतन मिळवायची खटपटच म्हणतात.

आणि एक, 'युगांडा' लिहिलंय तिथे टीप टाका. ती जागा आजच्या केनयात आहे, उआसिन गिशूचं पठार, एल्डोरेट शहर आहे ना मॅरेथॉनवाल्यांचं, तो भाग. १९०२ पर्यंत तो युगांडाच्या हद्दीत मोजत होते म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच.

---

दादा वतन छान आहे पण वतन म्हटलं की माझ्या डोक्यात लगेच पुढचा प्रश्न येतो, जमीन कसतंय कोण? वतनदार सनद घेऊन आला तरी गावात कूळ आहेच की. त्या पठारावर नांदी होते, मसाई गुरं चारायला यायचे, त्यांना चेंबरलेनने विचारलं का? नाही विचारलं.

इंग्रज परराष्ट्रमंत्री बाल्फोरच्या १९१७ च्या पत्रात, ज्यात ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये जागेचं आश्वासन दिलं, तर ही शब्दांची गंमत (गंमत तरी कसली) फार आहे. तिथे राज्यही नाही, देशही नाही, 'नॅशनल होम' आहे. हे सुचलं कुठून तर १८९७ च्या बाझलच्या पहिल्या झिओनिस्ट काँग्रेसमधून, म्हणजे हर्झलच्या चळवळीच्या अधिवेशनातून, तिथे जर्मनमध्ये 'हाइमश्टेट' असा शब्द घातला, घरठिकाण म्हणा हवं तर. हर्झलचा सहकारी होता नॉर्डाऊ, त्याने नंतर स्वतःच सांगितलं की राज्य म्हटलं तर तुर्क भडकतील म्हणून हा आडवळणाचा शब्द मी काढला. म्हणजे ताई तुमची अडचण मराठीची नाहीच, मूळ शब्दच मुद्दाम धूसर ठेवलेला आहे. तुम्ही भाषांतरात तो स्पष्ट केलात तर उलट चूक होईल.

अजून बारीक बघा. पत्रात 'पॅलेस्टाईनमध्ये एक राष्ट्रीय घर' आहे, 'पॅलेस्टाईन हे राष्ट्रीय घर' नाही. ह्या 'मध्ये'वर पुढे इतकी भांडणं झाली की १९२२ मध्ये चर्चिलच्या श्वेतपत्रिकेला खुलासा करावा लागला, अख्खा पॅलेस्टाईन नव्हे, पॅलेस्टाईनमध्ये. आणि तिथे राहणारे अरब, जे तेव्हा दहातले नऊ होते, त्यांचं त्या पत्रात नावसुद्धा नाही, 'तिथले बिगरज्यू समाज' एवढंच. कुळाचं नाव सातबाऱ्यावर 'इतर' म्हणून घालावं तसं.

आता तुमच्या वतनाकडे येतो. हिब्रूत नॅशनल होमचं झालं 'बायित लेउमी', बायित म्हणजे सरळ घर. आणि अरबीत त्याच पत्राचं भाषांतर 'वतन कौमी'. म्हणजे एका बाजूने वाचलं घर आणि दुसऱ्या बाजूने वाचलं वतन, तेही हिंदी गाण्यातलं, मायदेशवालं. एकाच ओळीची दोन भाषांतरं, बसा आता.

---

युगांडासाठी मराठीत माझ्याकडे तयार शब्द आहे, बिऱ्हाड.

कारण नॉर्डाऊनेच १९०३ च्या सहाव्या काँग्रेसमध्ये ह्या योजनेला 'नाख्तअझिल' म्हटलं होतं, रात्रीपुरता निवारा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हला दंगल होऊन ४९ ज्यू मेले होते, लोकांना कुठे तरी हलवायला हवं होतं, म्हणून तो म्हणाला कायमचं घर पॅलेस्टाईनच पण तोवर वळचणीला उभं राहू. मत पडलं २९५ विरुद्ध १७८, आणि तेही जागा घ्यायला नाही, नुसतं बघायला माणसं पाठवायला. तरी रशियावाले उठून बाहेर गेले, आणि त्यात किशिनेव्हचे प्रतिनिधीसुद्धा होते! ज्यांचं घर जळलं तेच बिऱ्हाड नको म्हणाले, मला ह्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते. डिसेंबरमध्ये पॅरिसात एका पोराने नॉर्डाऊवर गोळी झाडली, 'पूर्व आफ्रिकावाल्या नॉर्डाऊला मरण' असं ओरडत, वाचला तो. हर्झल १९०४ च्या जुलैत गेला आणि १९०५ च्या काँग्रेसने योजना गुंडाळली.

मग त्याच चळवळीतला इंग्लंडमधला ज्यू लेखक झँगविल वेगळा झाला, त्याने आपली संघटना काढली, तिचं म्हणणं टेरिटरी द्या, कुठेही द्या. लिबिया, अंगोला, सगळीकडे चौकशा केल्या. ह्या लोकांना टेरिटोरियलिस्ट म्हणतात, मराठीत काय करणार? मी तर 'जागावाले' म्हणेन, आपल्याकडे जागेच्या शोधात असलेला माणूस असाच असतो, एरिया कुठलाही चालेल पण ताबा द्या.

---

वरच्या सगळ्यांच्या आधीचा नमुना राहिला की. १८२५, अमेरिका, मोर्देकाय नोहा नावाचा गृहस्थ, पत्रकार, नाटककार, ट्युनिसला वकिलात करून आलेला. नायगारा नदीतल्या ग्रँड आयलंडवर त्याने ज्यूंसाठी नगर जाहीर केलं, नाव अरारात, कारण नोहाचं तारू अरारातवर टेकलं आणि ह्याचं आडनावही नोहा. पायाभरणीला इतकी गर्दी की बेटावर न्यायला होड्या पुरेनात, मग समारंभ अलीकडे बफलोतच केला, तोसुद्धा चर्चमध्ये. एक ज्यू राहायला गेला नाही. कोरलेला दगड मात्र अजून जपून ठेवलाय. त्यावर मजकूर आहे ज्यूंसाठी 'सिटी ऑफ रेफ्यूज'.

ह्याला मराठी बायबलात मस्त शब्द आहे, शरणपूर. नाशिकचा शरणपूर रोड आठवला का? तोच शब्द. मिशनऱ्यांनी तिथे वस्ती केली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली, आणि त्यातले बरेच जण १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेअरटाऊनला नेऊन वसवले. म्हणजे युगांडा योजनेच्या पंचवीस-तीस वर्षं आधी नाशिकहून लोक नेऊन केनयात वसवून झाले होते, हे जरा अवांतर झालं पण शरणपूर शब्द वापरा ताई, तो आपल्याकडे रस्त्याच्या पाटीवर आहे.

---

आमचं गाव अलिबागकडे, लहानपणी शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची कुटुंबं होती, जुने लोक शनवार तेली म्हणायचे कारण शनिवारी घाणा बंद. त्यांची आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. गाव आडनावातच आहे. १९४८ नंतर बरीचशी इस्रायलला गेली, आणि त्यांच्यात बोलायची पद्धत अशी की तिकडे 'जाणं' नाही, 'आलिया', म्हणजे चढून जाणं, सोडून आलं तर 'येरिदा', उतरणं. चढून गेले आणि तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी हे ज्यू आहेत का म्हणून शंका काढली, आंदोलन झालं, १९६४ मध्ये सरकारला सांगावं लागलं की आहेत, पूर्ण आहेत. मग ह्यांचं होमलँड कुठलं? तिथे त्यांनी मराठी अंक काढला त्याचं नाव 'मायबोली'. भूमीचं काय ते ठरेल, बोली मायच.

आणि 'मातृभूमी' हिब्रूतही जुळत नाही. 'मोलेदेत' म्हणजे जन्मभूमी, जन्मणे ह्याच धातूवरून, आणि अब्राहमाला देवाची पहिली आज्ञाच अशी की तुझी मोलेदेत सोडून मी दाखवीन त्या देशात जा. म्हणून मराठी बायबलवाचक 'वचनदत्त देश' म्हणतात.

---

बापरे, एका शब्दाला एवढं! मग मी असं करतेय, सरसकट एक शब्द घालत नाही. नोहाचं ते शरणपूर. अर्जेंटिनात बॅरन हिर्श ह्या ज्यू धनिकाच्या संस्थेची गावं होती, १८९१ पासूनची, शेतीची, तिथे 'वसाहत'. युगांडाच्या सरकारी पत्रात वतन आणि नॉर्डाऊच्या भाषणात बिऱ्हाड. बाल्फोरला 'राष्ट्रीय घर', धूसर ते धूसर. फक्त रशियातलं बिरोबिजान राहिलं, तिथे काय लिहू?

---

सरकारी क्वार्टर लिहा. चीनच्या सीमेवर दलदलीत जागा, आकाराने आजच्या इस्रायलपेक्षा मोठी, १९३४ ला स्वायत्त ज्यू प्रदेश म्हणून जाहीर, स्टेशनवर यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, पाटी. १९३७ मध्ये प्रदेशाच्या पहिल्याच प्रमुखाला, लिबरबर्गला, गोळी घातली, १९४९ मध्ये यिडिश नाटकगृह बंद. २०१० च्या जनगणनेत ज्यू उरले १ टक्क्याच्या आसपास. पाटी आहे अजून.

---

'वसाहत' जपून हां ताई. १८९१ मध्ये तो शेतीचा साधा शब्द होता, आज वाचणाऱ्याला एक तर हाऊसिंग सोसायटी दिसेल नाही तर वसाहतवाद.