जुन्या डिस्क माझ्या ट्रकला बसतील का?

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात दुसऱ्या कंपनीच्या ट्रकच्या जुन्या डिस्क, म्हणजे टायर चढवतात त्या चाकाच्या रिम, स्वस्तात मिळतायत. दहा बोल्टच्या आहेत, माझ्या गाडीलाही दहाच. डोळे झाकून घेऊ का?

उत्तर १:
अजिबात नको भाऊ! दहा बोल्ट 335 मिमी पीसीडीवर (बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या गोलाचा व्यास) असतात, तसे 285.75 वरही. एका भोकाच्या आतल्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा, तोच पीसीडी. मग मधलं भोक मोजा. 335 ला सहसा 281 असतं. हबवर (ज्यावर चाक बसतं तो गाडीचा मधला भाग) सैल बसली तर डिस्क मध्यात राहत नाही. आणि ऑफसेट, म्हणजे डिस्क हबला जिथे टेकते ती बाजू चाकाच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते! तो चुकला की मागच्या जोडीतले टायर एकमेकांना घासणार. खंबाटकी चढताना वास येईलच म्हणा.

उत्तर २:
नटही बघा दादा. सपाट वॉशरचा नट शंकूच्या भोकाला चालत नाही.

प्रश्नकर्ता:
विकणारा तर म्हणतो, ‘सगळ्यांना बसतात, शेठ.’ उद्या टेप घेऊनच जातो.