गोदाम भरलेलं, ताट अर्धं

"कोरोना महामारीत धान्याची कोठारं भरलेली होती, मग लोक उपाशी कसे?" असं कुणीतरी विचारतंच. अहो, अन्न असणं वेगळं आणि ते विकत घेता येणं वेगळं. महामारीत आधी रोजंदारी बुडते. मग कात्री लागते ती फळं, दूध, अंडी, भाज्यांना. धान्य, तेल, साखर शेवटपर्यंत टिकतात. पोट भरतं, पण लोह-प्रथिनं कमी पडतात आणि वजनावरून ते कळतही नाही. स्वतःचा घास बहुधा आईच आधी कमी करते, तेही न बोलता. २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर जगभरातल्या सुमारे ३७ कोटी मुलांचं शाळेतलं जेवण बुडालं. गाजावाजा मात्र बुडालेल्या अभ्यासाचाच जास्त! आणि काम परत मिळालं तरी आधी उधारी फेडायची असते, त्यामुळे दूध-फळं घरात परतायला बराच वेळ लागतो.