मदत हवी आहे : अहमदाबादच्या पोळीतल्या जुन्या हवेलीत गुडघेदुखीवाल्या आईबाबांना घेऊन राहता येईल का?

घोडबंदरकरीण

नमस्कार मंडळी, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आईबाबांच्या लग्नाला जानेवारीअखेर ४५ वर्षं होतायत. हॉल नको, केक नको, ढोकळ्याचे बॉक्स तर अजिबातच नकोत असं बाबांनी आधीच सांगून टाकलंय, आणि मग दोन दिवसांनी जेवताना मान खाली घालून म्हणाले की मला एकदा दोन रात्री लाकडी घरात झोपायचंय. बाबा स्वतःहून काही मागत नाहीत कधी, त्यामुळे मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो.

आमचं घर ठाण्यात खारकर आळीत होतं. वाडाच, पण भाडेकरूंनी भरलेला. लाकडी जिना, तुळया, मधे चौक, चौकात नळ. तो गेला रीडेव्हलपमेंटला आणि आम्ही आलो कासारवडवलीला सतराव्या मजल्यावर. बाबा अजून जांभळी नाक्याला भाजीला जातात (टीएमटीने, कासारवडवलीहून, भाजीला!) आणि येताना आळीतून चक्कर मारून येतात. आता तिथे टॉवर आहे हे त्यांना माहीत आहे, तरी जातात.

तर मी शोधत होते की जुन्या घराचं छोटं हॉटेल केलंय, चारपाच खोल्या आहेत, अति महाग नाही, असं कुठे आहे. फिरून फिरून अहमदाबादवर आले. तिथल्या कोटाच्या आतल्या पोळींमधे, म्हणजे तिथल्या आळ्यांमधे, जुन्या हवेल्या नीट करून लोक पाहुणे ठेवतात. ते जुनं शहर २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेलं, भारतातलं पहिलंच शहर. फोटो बघून बाबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, हा खांब आपल्यासारखाच आहे.

आईला सांगितलं पोळीत राहायचंय तर म्हणे कसल्या, पुरणाच्या? मग नीट सांगितल्यावर जे बोलली ते तसंच लिहिते. "पंचवीस वर्षं मी त्या जिन्यावरनं पाण्याच्या कळश्या वर नेल्या. हे ऑफिसला जायचे. आता पैसे देऊन परत तोच जिना चढू?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वर दोघांचे गुडघे. आईच्या उजव्याचं ऑपरेशन झालंय, बाबांचे दोन्ही ओरिजिनल पण कुरकुरणारे. रात्री दोनदा उठावं लागतं. सोबत आठ वर्षांची लेक.

आणि माझी स्वतःची एक भीती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका शहरात, नाव घेत नाही, आम्ही असंच "हेरिटेज" बघून बुकिंग केलं होतं, फोटोत झरोखा न् नक्षीचं दार न् काय काय, आणि प्रत्यक्षात मागच्या अंगणात नव्याने बांधलेल्या सिमेंटच्या खोलीत टाकलं, खिडकी उघडली की जनरेटर. विचारलं तर म्हणे मॅडम कंपाउंड एकच आहे ना. पैसे आगाऊ भरलेले. बाबांच्या बाबतीत हे झालेलं मला चालणार नाही.

कुणी अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन राहिलंय का? फोनवर नेमकं काय विचारायचं?

फक्त प्रॅक्टिकल

ताई, साबरमतीपलीकडे आश्रम रोडला लिफ्टवालं साधं हॉटेल घ्या, सकाळी हेरिटेज वॉक करा, संध्याकाळी परत एसीत. जुन्या घरात झोपून काय वेगळं होतं? डोळे मिटले की सगळं सारखंच.

घोडबंदरकरीण

दादा, बाबांना घर बघायचं नाहीये, झोपायचंय. म्हणाले रात्री लाकूड करकरतं ते ऐकायचंय.

सीवूड्सवाली

हे वाचून लॉगिन केलं. मागच्या डिसेंबरात सासूबाईंना (७१, संधिवात) घेऊन खाडियाच्या एका पोळीत तीन रात्री राहिले. जमतं, पण खोली कुठली मिळते यावर सगळं अवलंबून.

पहिली गोष्ट जिना. "पायऱ्या आहेत का हो" असं विचारलंत तर थोड्याच आहेत म्हणणार. थोड्याच असतात पण शिडीसारख्या उभ्या. आपल्या बिल्डिंगची पायरी सहासात इंचाची असते, तिथे काही पायऱ्या नऊदहा इंचाच्या होत्या आणि वरून पाऊलही पूर्ण मावत नाही. मी काय केलं, त्या मुलाला म्हटलं पायरीवर तुझा मोबाईल उभा ठेव आणि फोटो पाठव. मोबाईल साधारण सहा इंच धरा, त्यावरून उंची लगेच कळते. आमच्या फोटोत मोबाईलच्या वर अजून अर्धा मोबाईल मावत होता, तिथेच मी तळमजल्याची खोली मागितली.

आता तळमजल्याची गंमत. चौकाला लागून खोली होती, गार, पण दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. सकाळी सहाला स्वयंपाकघरात भांडी. आणि डोक्यावर लाकडी तक्तपोशी, वरच्या खोलीतला पाहुणा रात्री बाथरूमला गेला की आपल्यालाही कळतं तो गेला न् परत आला. सासूबाई म्हणाल्या घरच्यासारखं वाटतंय. नवऱ्याने कानात कापूस घातला.

बाथरूम खोलीच्या आतच आहे का चौक ओलांडून, हे खोदून विचारा. "अटॅच्ड" म्हणतात आणि मधे चार इंचाचा उंबरा किंवा दोन पायऱ्या निघतात, कारण जुन्या घरात नळ न् ड्रेनेज नंतर घुसवलेलं असतं, त्यासाठी फरशी उचलावी लागते. रात्री झोपेत तिथेच ठेच लागते. दारंही बुटकी. माझा नवरा सहा फुटी, पहिल्या दिवशी तीनदा कपाळमोक्ष.

गाडी पोळीच्या तोंडापर्यंतच. पुढे चालत, सामान हॉटेलचा माणूस आणतो. कुठे उतरायचं त्या खुणेचं नाव गुजरातीत लिहून घ्या, रिक्षावाल्याला हॉटेलचं नाव माहीत नसतं, पोळीचं असतं.

आणि तुमची जनरेटरवाली भीती खरी आहे. हॉटेल नाही, खोली बुक करा. खोलीचं नाव किंवा नंबर, त्याच खोलीचा दारातून घेतलेला व्हिडिओ, आणि व्हॉट्सॲपवर "हीच खोली देऊ" असं लेखी. जो व्हिडिओ पाठवायला टाळाटाळ करेल त्याला सोडा.

माहेर अहमदाबाद

माझं माहेर तिथलं, आता ऐरोलीला. पोळ म्हणजे आपल्या आळीचीच बहीण समजा, फक्त तोंडाशी दरवाजा, जो पूर्वी रात्री बंद व्हायचा. आत एकमेकांना चिकटलेली घरं, भिंत सामाईक, त्यामुळे उजेड न् वारा मधल्या चौकातून. बाहेर ओटा, तिथे म्हाताऱ्या बसून वाटाणे सोलणार आणि तुम्ही कोण, कुठून आलात, किती दिवस, सगळं विचारणार. तुमच्या बाबांना हे आवडेल. कोपऱ्यावर पक्ष्यांना दाणे घालायचा चबुतरा असतो, लेकीला दाखवा.

हवेलीत गेलात की टाकं कुठे आहे विचारा. चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी असते, गच्चीवरचं पाणी नळीने खाली उतरवतात, पहिल्या पावसाचं वाहून जाऊ देतात आणि मग साठवतात. आईला सांगा, तिथल्या बायकांनीही जिन्यावरनं पाणीच वाहिलंय.

बाबा करकर ऐकणार म्हणतायत ते बरोबर आहे. विटांच्या भिंतीत लाकडाचे आडवे पट्टे घातलेले असतात, सांधे थोडे हलतात. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत कितीतरी नव्या बिल्डिंगा कोसळल्या, पण आमच्या आजोळचं पोळीतलं घर नुसतं करकरलं. आजी दारात उभी राहून म्हणाली, घर बोललं.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर अजून एक. १७५८ पासून १८१७ पर्यंत त्या शहरावर पेशवे आणि गायकवाड दोघांचा मिळून अंमल होता. रायखडला गायकवाड हवेली अजून आहे. आणि लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर, तेही अहमदाबादेतच वकिली करायचे. म्हणजे आपण अगदीच परके नाही.

जानेवारीअखेर छान. फक्त १४-१५ तारखेला चुकूनही नको, उत्तरायणाला पतंगांसाठी पोळीतल्या गच्च्यासुद्धा भाड्याने जातात आणि पहाटेपासून स्पीकर.

पोळीतलं अगदीच नाही जमलं तर लाल दरवाज्याला सिदी सय्यद मशिदीच्या जाळीसमोर द हाऊस ऑफ एमजी आहे, मंगलदास गिरधरदास शेठजींची १९२४ ची हवेली. मोठ्या रस्त्यावर आहे, गाडीचा प्रश्न नाही. पण ते शेठजींचं घर, वाड्याचा फील नाही. भाडं बघताना टॅक्स धरा, दिवसाला साडेसात हजारापर्यंत ५ टक्के, वर गेलं की एकदम १८.

माणेकचौकाला रात्री खायला जा. सकाळी भाजीबाजार, दुपारी सोन्याचांदीचा, रात्री तिथेच सँडविच न् पावभाजी. पण खोली चौकाच्या अगदी जवळ घेऊ नका, बारानंतरही गजबज असते.

घोडबंदरकरीण

काय माणसं आहात तुम्ही!! चार ठिकाणी फोन केले. दोघांनी मोबाईलवाला फोटो पाठवलाच नाही, एक म्हणाला मॅडम तुम्ही येऊन बघा ना. तिसऱ्याच्या जिन्यावर मोबाईल अगदी बुटका दिसत होता, शेजारी वरून दोरखंड लोंबत होता धरायला. बाबा फोटो झूम करून बघत बसले, आमच्याकडेही असाच होता म्हणे, आणि मग त्यांचा चेहरा बघून मला त्याला नाही म्हणायला जड गेलं, पण म्हटलं.

चौथ्याकडे तळमजल्यावर एक खोली आहे, बाथरूमला एकच उंबरा, आणि वर झरोख्याची एक. आधी ठरलं आईबाबा खाली, आम्ही वर. बाबा गप्प. मग कळलं त्यांना झरोखाच हवाय.

फक्त प्रॅक्टिकल

मग बाबांना वर पाठवा, आईंना नातीबरोबर खाली.

सीवूड्सवाली

४५ व्या वाढदिवसाला वेगवेगळ्या मजल्यावर??

घोडबंदरकरीण

हाच डायलॉग आईने मारला, पण उलटा. म्हणाली जाऊ दे त्यांना वर, एक रात्र तरी घोरणं नको.

पण काल फोन स्पीकरवर होता आणि आई मधेच बोलली त्या माणसाशी, हिंदीत, म्हणजे तिच्या हिंदीत. "भैया, उपर पानी चढता है क्या नल को?" तो म्हणाला हां माजी, चोवीस घंटे, गरम भी. आईने दोनदा विचारलं. मग म्हणाली गरम पण? मग जरा वेळाने मला म्हणाली, वरची खोली किती पायऱ्या आहेत गं. पंधरा. जिन्याला एका बाजूला कठडा आहे, फोटोत मोबाईलच्या वर दोन बोटं जागा आहे. म्हणाली बसत बसत चढेन, दिवसातून एकदाच, कळशी नसली तर काय.

तर फायनल असं, दोन रात्रींपैकी पहिली सगळे खाली-वर जमेल तसे, दुसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात बघून आईबाबा वर. दोन्ही खोल्यांचा व्हिडिओ आला, लेखी आलं, अर्धेच पैसे भरलेत. आईने टॉर्च, गरम पाण्याची पिशवी आणि स्वतःची उशी अशी यादी आत्ताच फ्रीजवर लावलीय, निघायला दीड महिना आहे.

कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा सकाळचा हेरिटेज वॉक आहे, तो फक्त मी, नवरा आणि लेक करू. बाबा म्हणाले मी ओट्यावर बसतो.

आता शेवटचा प्रश्न. वंदे भारत मुंबई सेंट्रलहून पहाटे सहाच्या सुमारास सुटते, आम्ही बोरिवलीला पकडणार. कासारवडवलीहून साडेचारला निघालं तर घोडबंदरला ट्रकांच्या रांगेत अडकू का, का सरळ चारलाच निघू? आई म्हणते तीन.