जुनी एसएसडी मध्येच थिजते – तातडीने मदत हवी आहे

दौत_टाक
प्रेसच्या मशीनमध्ये ३२ जीबीची जुनी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपांवर साठवणारी ड्राइव्ह) आहे, २००८-०९ च्या सुमाराची. स्पीड टेस्टमध्ये रीड १४० एमबी येतंय, म्हणजे ड्राइव्ह चांगली आहे. तरी फाइल सेव्ह केली की माउससकट सगळं दोन-तीन सेकंद थिजतं, मग आपोआप सुरू होतं. रॅम बदलून पाहिली. फॉरमॅट करायला सांगू नका. उद्या अंक छपाईला जायचाय.

रात्रपाळी
विंडोज कुठली? किती जागा रिकामी आहे? १४० हा मोठ्या सलग फाइलचा आकडा, त्यावरून काहीच कळत नाही. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ४के राइट, म्हणजे ४ केबीच्या सुट्या तुकड्यांच्या लेखनाचा वेग, किती येतो ते टाका.

बोरूबहाद्दर
बायोसमध्ये एएचसीआय (ड्राइव्हशी बोलण्याची नवी पद्धत, आयडीई ही जुनी) चालू करा. आयडीई मोडवर एसएसडी चालवणं म्हणजे पैसे पाण्यात.

दौत_टाक
एक्सपी आहे, सांगायचं राहिलं. टायपिंग सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्यासाठी जोडायची किल्ली) त्याच्यावरच चालतो. दीड जीबी शिल्लक. ४के राइट ०.०४.

रात्रपाळी
एएचसीआयला हात लावू नका! एक्सपीत ड्रायव्हर आधी घातलेला नसेल तर बूट होताना ७बी या एररची (बूट ड्राइव्ह सापडत नाही) निळी स्क्रीन येईल.

आता ०.०४ चा अर्थ बघा. सेकंदाला ४० केबी, म्हणजे ४ केबीची जेमतेम दहा लेखनं. फ्लॅशवर लिहिता येतं पानापानाने, साधारण ४ केबी. पुसावं मात्र अख्खा ब्लॉक लागतो, त्या काळच्या चिपांत बहुधा ५१२ केबीचा. रिकामे ब्लॉक संपले की ४ केबीसाठी पूर्ण ब्लॉक वाचा, पुसा, परत लिहा. पहिल्या पिढीतल्या स्वस्त कंट्रोलरना (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपांना) डीरॅम कॅशे (तात्पुरती वेगवान मेमरी) नव्हती, त्यामुळे हे चालू असताना वाचनसुद्धा रांगेत अडकतं. तुमचा माउस त्यामुळेच थांबतो. २००८ च्या इंटेल एक्स२५-एमचा सलग राइट फक्त ७० एमबी होता, पण लहान लेखनं ती झपाट्याने उरकायची, म्हणून वापरताना वेगवान वाटायची.

कोरा_ताव
ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा रिकामी झाल्याचं विंडोजने ड्राइव्हला कळवणं) चालू करा, काम होईल.

रात्रपाळी
एक्सपीत ट्रिम नाही, ते विंडोज ७ पासून आलं. आणि ड्राइव्हच्या फर्मवेअरलाही ते यायला हवं. एक्स२५-एमच्या पहिल्या आवृत्तीलाही ते कधी मिळालं नाही.

बोरूबहाद्दर
मग डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) करून बघा.

खिळाजुळारी
डीफ्रॅग अजिबात नको, आहे ते आणखी बिघडेल. पार्टिशन कुठून सुरू होतं ते बघा : रन मध्ये एमएसइन्फो३२, कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स. ३२,२५६ दिसलं तर ते ६३ व्या सेक्टरवर आहे. ४०९६ ने भाग जात नाही, म्हणून ४ केबीचं एकेक लेखन दोन पानांवर सांडतं.

दौत_टाक
३२,२५६ च आहे.

खिळाजुळारी
अंक आधी जाऊ द्या. आज फक्त टेम्प फोल्डर आणि ब्राउझरचा कॅशे दुसऱ्या हार्डडिस्कवर हलवा, सहा-सात जीबी मोकळे करा. त्यानंतर :
क्लोनझिला या सॉफ्टवेअरने पार्टिशनची इमेज (जशीच्या तशी प्रत) बाहेरच्या डिस्कवर घ्या. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून एचडीपार्म या कमांडने सिक्युअर इरेज करा, म्हणजे ड्राइव्हचे सगळे ब्लॉक रिकामे होतील. ‘फ्रोझन’ (इरेजला मनाई) दाखवलं तर मशीन एकदा स्लीपमध्ये घालून उठवा. इरेज चालू असताना वीज गेली तर ड्राइव्ह पासवर्डने कुलूपबंद राहते, म्हणून यूपीएस हवाच. जीपार्टेड या पार्टिशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एमआयबी’ अलाइनमेंटने (सुरुवातीला ४०९६ ने भाग जाईल अशा जागी) नवं पार्टिशन करा, आकार जुन्यापेक्षा कमी नको, आणि बूट फ्लॅग (इथून बूट करायचं ही खूण) लावा. रिस्टोअर करताना पूर्ण डिस्क निवडू नका, फक्त पार्टिशन. नाहीतर जुना पार्टिशन टेबल ६३ व्या सेक्टरसकट परत येतो. शेवटी एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट या कमांड चालवा, म्हणजे बूटची माहिती नव्याने लिहिली जाईल.

रात्रपाळी
एवढ्या खटाटोपाने अलाइनमेंट सुधारेल, कंट्रोलर तोच राहील. चार-सहा महिन्यांत परत हेच. डीरॅमवाली नवी साटा एसएसडी घ्या, २० टक्के जागा पार्टिशन न करता सोडा. ट्रिम नसलं तरी तेवढ्या मोकळ्या ब्लॉकांवर तिचं भागतं.

खिळाजुळारी
मान्य, पण इमेज, अलाइनमेंट आणि पार्टिशन रिस्टोअर तिथेही हेच करावं लागेल. फक्त इरेज वाचेल.

शाईचा_डाग
अवांतर : युनिकोडवर का येत नाही? जुने फाँट कन्व्हर्ट करता येतात.

दौत_टाक
वीस वर्षांच्या फाइली आहेत, त्यावर वेगळा धागा काढतो. अंक गेला. नवी ड्राइव्ह लावली, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. एक्सपी सुरू होते, पण लॉगिनच्या निळ्या पडद्यावरच थांबते. पुढे काहीच नाही!

खिळाजुळारी
हे आधी लिहायला हवं होतं, चूक माझी. एक्सपी ड्राइव्हचं अक्षर डिस्कची सही (डिस्कवर नोंदलेला ओळखक्रमांक) आणि पार्टिशनची सुरुवात यांवरून लक्षात ठेवते. दोन्ही बदलल्यामुळे सी हे अक्षर दुसरीकडे गेलंय. जुनी ड्राइव्ह पुसलेली नाही ना? ती परत लावून बूट करा, रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टिम, माउंटेडडिव्हाइसेस इथल्या सगळ्या नोंदी काढा, रीबूट न करता मशीन बंद करा आणि लगेच नव्याने इमेज घ्या. ती नव्या ड्राइव्हवर रिस्टोअर केल्यावर तिच्यावरून पहिल्यांदा बूट करताना दुसरी हार्डडिस्क काढून ठेवा.

दौत_टाक
जुनी तशीच आहे. इमेज घ्यायला लावली, ४० टक्के झालीय.