कोरियन माणसाला 'वेअर' कसं समजावायचं?

कानामात्रा: रांजणगावला एका कंपनीतल्या कोरियन इंजिनियरला मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, माझं कोरियन कामापुरतंच. परवा जेवायला जायचं होतं, खाली गाडी चालू ठेवून फोन केला तर म्हणे 'आय अ‍ॅम वेअरिंग माय शूज'. बरं मग ये ना बाबा खाली! आला दहा मिनिटांनी. तेव्हा तो बूट घालत होता. चूक सांगितली तर म्हणतो आमच्यात 'शिन्को इत्ता' दोन्हीला चालतं, घालतोय तेही आणि घातलेत तेही. वर त्याची दुसरी तक्रार, त्यांच्याकडे कपडे 'इप्ता', बूट-मोजे 'शिन्ता', टोपी 'स्सुदा', अंगठी 'क्किदा', आणि इंग्रजीत सगळ्याला एकच वेअर, परफ्यूमलासुद्धा. परफ्यूम तर तो शिंपडतो म्हणे! त्याला 'वेअर' आणि 'पुट ऑन'मधला फरक कसा सांगू?

बोरकूट: त्याला कशाला नावं ठेवता, आमच्या ऑफिसात अर्धे लोक 'वेट, आय अ‍ॅम वेअरिंग माय हेल्मेट' म्हणतात. सोपं सांगा, पुट ऑन म्हणजे दोन मिनिटांचं काम, वेअर म्हणजे त्यानंतर दिवसभर अंगावर आहे ते. आणि क्रियापदांचं म्हणाल तर आपण काय कमी आहोत का, शर्ट घालतो, साडी नेसतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, बांगड्या भरतो, चष्मा लावतो. हे ऐकवा त्याला, घरच्यासारखं वाटेल.

चहाबाज: नेसतो कोण म्हणतं आता? माझी भाची सरळ 'साडी घालू का आज' विचारते आणि कोणाला काही अडत नाही.

सोवळेकर: अडत नाही कसं? आमच्या आजीसमोर कोणी 'साडी घातली' म्हटलं की ती म्हणायची, घालायला तो काय परकर आहे? नेसायचं म्हणजे गुंडाळायचं, निऱ्या घालायच्या, खोचायचं. धोतर पण नेसतात, विजार नेसत नाहीत. हा फरक गेला की शब्द गेलाच. 'लेणे' असाच गेला, आता दागिने कोणी लेत नाही आणि लेणी म्हटलं की फक्त वेरूळ.

चहाबाज: निऱ्या 'घालायच्या' म्हणालात हं.

जुनंपान: गंमत सांगतो. नेसणे हे संस्कृत नि + वस् मधून आलं, वस्त्र-वसनवाला वस्. आणि इंग्रजी वेअर पण त्याच मुळाचा! त्यांच्याकडे जुन्या 'स'चा 'र' झाला, वॉज आणि वर या जोडीत दिसतो तसाच. म्हणजे नेसणे आणि वेअर चुलत भावंडं. घालणे या घरातलं नाहीच.

बोरकूट: आता इप्ताचं मूळ तमिळमध्ये काढू नका म्हणजे झालं, तेही आईबापाला ओम्मा-आप्पा म्हणतात म्हणून. लहान पोरं जगभर मम-पप करतात, त्यात नातं कसलं.

जुनंपान: मी म्हटलंय का तसं? वस् बद्दल मात्र पैज लावायला तयार आहे.

माडाखाली: आमच्या कोंकणीत न्हेसप आहे, आणि न्हेसण म्हणजे एकूणच पेहराव, नुसतं कापड नव्हे. त्यामुळे साडीपुरतंच नेसणं हा नियम तुमच्या घाटावरचा.

कानामात्रा: अहो पण पुट ऑन. उद्या सात वाजता त्याचा क्लास आहे.

सोवळेकर: बोरकूट यांनी सांगितलंय की. माडाखाली, नियम घाटावरचा असेल पण तो अर्थाला धरून आहे, गुंडाळायचं ते नेसायचं, शिवलेलं ते घालायचं.

चहाबाज: मग ती रेडिमेड नऊवारी? विजारीसारखे दोन्ही पाय आत घालायचे आणि वर नाडी बांधायची. आमच्याकडे लग्नात बायको म्हणत होती नेसली, सासूबाई म्हणत होत्या चढवली.