सिम्युलेशनला मराठीत काय म्हणावं?

जिज्ञासू: खेळांच्या प्रक्षेपणावरचा एक लेख मराठीत आणतोय. मैदानाच्या चित्रावर संगणकाने काढलेल्या रेषा, चेंडूचा मार्ग, सगळ्याला मुळात सरसकट ‘सिम्युलेशन’ म्हटलंय. मी ‘प्रतिरूपण’ लिहिलं, पण जिभेवर बसेना. त्यात फुटबॉलमध्ये फाउल मिळवायला खोटंच लोळणाऱ्यालाही सिम्युलेशनसाठी पिवळं कार्ड मिळतं!

तिसरा पंच: त्या लोळण्याला ‘सोंग’ तयारच आहे. बाकी एका गाठोड्यात वेगवेगळ्या वस्तू बांधल्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला कुठवर पोचायचंय ते दाखवणारी पिवळी रेषा १९९८ पासून टीव्हीवर दिसते, मैदानावर ती नसतेच. संगणक गवताच्या रंगछटा ओळखून तेवढाच भाग रंगवतो, म्हणून खेळाडू आला की रेषा त्याच्या पायाखाली जाते. हे कशाचंच प्रतिरूप नाही. वेदान्तात दोरीवर नसलेल्या सापाचा ‘अध्यारोप’ होतो, तसा गवतावर रेषेचा. ‘आरोपित रेषा’ म्हणा.

शब्दवेडी: ‘आरोपित’ म्हटलं की कोर्ट आठवतं. ‘चढवलेली रेषा’ का नको? मुलामा चढवतो तशी.

तिसरा पंच: चालेल. खरी मेख पायचीतमध्ये आहे. चेंडूचा माग काढणारं हॉक-आय तंत्र २००१ साली कसोटीच्या प्रक्षेपणात आलं. पॅडला लागेपर्यंतचा मार्ग अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेल्या जागांवरून जुळवतात, ती ‘पुनर्रचना’. पुढे चेंडू यष्टीकडे गेलेलाच नसतो, पडद्यावर मात्र जातो. मूळच नाही तर प्रतिरूप कुणाचं? तो ‘अनुमानित मार्ग’.

शब्दवेडी: सरळ ‘अंदाजी मार्ग’ म्हणा हो. आणि नामावर इतका खल करताय, घोळ क्रियापदात आहे. समालोचक म्हणतात, ‘चेंडू यष्टीला लागतोय’. मराठीत संकेतार्थ कशाला आहे मग? ‘लागला असता’ म्हणा! निम्म्याहून कमी चेंडू यष्टीवर दिसला की ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मैदानावरच्या पंचाचाच निर्णय राहतो. म्हणजे नियमाला ‘असता’ कळतं, आपल्यालाच कळत नाही.

जिज्ञासू: हे लेखात घालतोच. शीर्षकात ‘सिम्युलेशन’ राहू दे, तो शब्द वाचकांच्या ओळखीचा आहे. आणि २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकातले ऑफसाइड दाखवणारे पडद्यावरचे ते पुतळे? तेही अंदाजी?

तिसरा पंच: नाही, पुनर्रचनाच. प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ पर्यंत बिंदू सेकंदाला ५० वेळा मोजत होते, पुतळे त्यावर उभे केलेले. तिथे ‘होता’ म्हणायला हरकत नाही.