मदत हवी आहे: फ्रेंच आणि स्पॅनिश एकमेकींत मिसळताहेत

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, वय ५६. लेक-जावई मॉन्ट्रियलला असतात. क्वेबेकच्या १९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना तिथे बहुधा फ्रेंच शाळेतच जावं लागतं, तशी माझी नातही जाते. फोनवर सुरुवात मराठीत करते, पण शाळेचा विषय निघाला की फ्रेंचमध्ये शिरते. तिला मध्येच "थांब बाळा, मराठीत सांग" म्हणणं माझ्या जिवावर यायचं. म्हणून तीन वर्षांपूर्वी फ्रेंच सुरू केलं. आता ए-२ झालंय, म्हणजे सहा पायऱ्यांपैकी दुसरी. गेल्या दिवाळीपासून स्पॅनिशही घेतलं, ते मात्र निव्वळ आवडलं म्हणून.

आवडायचं कारण आधी सांगते. स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल काफे" म्हणजे अगदी आपलं "मला कॉफी आवडते". कॉफी कर्ता, मी "मला". आंबे अनेक झाले की "मे गुस्तान", आपल्या "आवडतात"सारखंच. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी वहीवर हात ठेवून नुसती बसून राहिले होते. त, द, प, क सगळे आपलेच. फ्रेंचमध्ये आवडीसाठी एरवी ही रचना वापरत नाहीत, पण तिथे "त्यु म मांक" आहे. "तुझी आठवण येते" असा त्याचा अर्थ, आणि वाक्यात कर्ता "तू". नात हेच "त्सु म मांक" म्हणते, कारण क्वेबेकमध्ये तो "त" आपल्या चमच्यातल्या "च"कडे झुकतो. हिंदीत हा च नाही, मराठीत आहे, म्हणून मला तो पटकन जमला.

आता अडचण. नातीने गोष्ट सांगून विचारलं, आजी, समजलं का? मी "जांतां" म्हटलं. स्पॅनिशमध्ये "एन्तेन्देर" म्हणजे समजणे, तेच डोक्यात होतं. फ्रेंचमध्ये "आंतांद्र" (त्याचंच रूप "जांतां") म्हणजे ऐकू येणे. तिला वाटलं मला आवाज येतोय एवढंच मी सांगतेय, आणि तिने सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. "गातो"चंही तसंच. फ्रेंचमध्ये केक, स्पॅनिशमध्ये मांजर, उच्चार जवळपास एकच.

लिंगांनी तर फारच छळलंय. इंदुरात वाढलेल्यांना हे दुखणं नवं नाही. लहानपणी मी हिंदीच्या वळणाने "माझी नाक" म्हणायचे, आई दर वेळी "माझं नाक" म्हणून सुधारायची. आता स्पॅनिश "ला नारीस" स्त्रीलिंगी आणि फ्रेंच "ल ने" पुल्लिंगी. दूध, मीठ, रक्त, मध, सगळ्यांची हीच गत: स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. दात नेमका उलटा.

विचारायचं ते असं:
दोन्ही एकदम शिकू की एक थांबवू?
स्पॅनिशचे "सेर" आणि "एस्तार" (दोन्हींचा अर्थ "असणे") मी "असतो" आणि "आहे" असे लक्षात ठेवलेत (आंबा गोड असतो / हा आंबा गोड आहे). चालेल का?
फ्रेंचच्या प्रमाणपत्राची देल्फ परीक्षा, पुढच्या बी-१ पायरीची, द्यावी का?

प्रतिसाद १
काकू, मी दोन्ही शिकलोय, आधी स्पॅनिश. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही कच्च्या असताना एकत्र शिकू नका. एक बी-१ ला नेऊन पक्की करा, मग दुसरी. तोवर दुसरी नुसती वाचा-ऐका, बोलू नका. घोळ बोलताना होतो.

लिंगासाठी एक धागा देतो. भाववाचक शब्दांत स्पॅनिशचा "-ओर" बहुतेक पुल्लिंगी आणि फ्रेंचचा "-अर" स्त्रीलिंगी असतो. रंग: एल कोलोर, ला कुलर. वेदना: एल दोलोर, ला दुलर. उष्णता: एल कालोर, ला शालर. फूल मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगी. एकेक शब्द पाठ करण्यापेक्षा अशा जोड्या एकाच पानावर समोरासमोर लिहा. नाक-दूध-मीठ हे तुमचं पहिलं पान.

प्रतिसाद २
ताई, "असतो/आहे" ही युक्ती गोडीपुरती छान चालते. पुढे फसवेल. वस्तू, माणूस किंवा गाव कुठे आहे हे सांगताना नेहमी "एस्तार": इंदूर मध्य प्रदेशात आहे, ते कधी हलणार नाही, तरी "एस्तार"च. माणूस वारला, तरी "एस्ता मुएर्तो" (मेलेला आहे), म्हणजे "एस्तार"च. आणि "ती डॉक्टर आहे" याला मराठीत "आहे", पण तिथे "सेर". म्हणून कायमचं-तात्पुरतं असं न धरता, ओळख आणि स्वभाव "सेर"कडे, ठिकाण आणि अवस्था "एस्तार"कडे, असं धरा.

प्रतिसाद ३
काकू, परीक्षा जरूर द्या. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि कुठल्याही भागात ५ च्या खाली जायचं नाही. प्रमाणपत्राला मुदत नसते. फक्त कॅनडाच्या केंद्र सरकारच्या नोकरी-कौशल्यावर आधारित स्थलांतर योजनांसाठी ते चालत नाही, तिथे वेगळ्या परीक्षा आहेत, पण तुमचा तो हेतूच नाही. नातीशी बोलताना चूक झाली की ती तुम्हाला सुधारते का? सुधारत असेल तर तिच्याइतकी चांगली शिकवणी नाही.

मूळ धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. सुधारते हो, अगदी माझ्या आईसारखी, वाक्य संपायच्या आत.

ठरवलंय: बी-१ होईपर्यंत स्पॅनिश फक्त ऐकायचं आणि वाचायचं. थोडं जड जाईल, कारण चहा करताना "मे गुस्ता" तोंडून निघतंच. जोड्यांची वही आजच केली, रंग-वेदना-उष्णतेसकट.

एक राहिलं. बोलायला समोर कोणी नाही, आणि नातीच्या सकाळी माझी संध्याकाळ असते, ती शाळेच्या घाईत. तिलकनगर, रामबाग किंवा आसपास कोणी फ्रेंच शिकत असेल तर रविवारी सकाळी तासभर फक्त फ्रेंच बोलायला माझ्या घरी यावं. पोहे मी करते, जिलबी येताना घेऊन या. इथेच निरोप ठेवा.